गमची पाकिटं पावसाळ्यात आपोआप का चिकटतात, आणि टपालात का उघडतात?

मागाहून वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. चिपळूणजवळ तुमची पतसंस्था आहे. वार्षिक सभेच्या नोटिसांसाठी तुम्ही जूनमध्येच फ्लॅपला गम लावलेली पांढरी पाकिटं आणून ठेवली. ऑगस्टअखेर बॉक्स उघडला, तर बरीच पाकिटं रिकामीच चिकटून बसली होती. उरलेली ओला स्पंज फिरवून बंद केली, तर त्यातली काही सभासदांच्या हाती उघड्या तोंडाने पोहोचली. आता तुम्ही विचारताय की हा गम काम तरी कसा करतो, त्याचा फायदा काय, आणि पुढच्या वर्षी सरळ सेल्फ-सील, म्हणजे पाणी न लावता नुसती दाबून बंद होणारी पाकिटं घ्यावीत का.

पुण्यात माझं पाकिटं बनवण्याचं छोटं युनिट आहे. गिऱ्हाईक बहुतेक प्रेसवाले, बँका आणि तुमच्यासारख्या पतसंस्था, त्यामुळे पावसाळ्यात हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. तुमच्या तक्रारी दोन आहेत: नको तेव्हा चिकटतं आणि हवं तेव्हा चिकटत नाही. दोन्हींचं मूळ मात्र एकच आहे, ते म्हणजे पाणी. गमचं पाकीट आमच्याकडून बाहेर पडतं तेव्हा चिकटवण्याचं काम अर्धंच झालेलं असतं. राहिलेलं अर्धं काम तुमच्या टेबलावर होतं, आणि ते नीट होणं हे पाणी किती लागलं, कधी लागलं आणि त्यानंतर दाब किती वेळ राहिला यावर ठरतं. कोकणात पावसाळ्यात तुमच्याआधी हवाच ते पाणी देऊन मोकळी होते.

पाकिटावरच्या गममध्ये काय असतं ते पाहू. सर्वांत जुना म्हणजे झाडाचा डिंक, बाभळीच्या कुळातला. जगातला पुष्कळसा डिंक आजही सुदानमधून येतो, पण पाकिटांसाठी तो महाग पडतो. त्याची जागा बऱ्याच आधी डेक्स्ट्रिनने घेतली. मका, बटाटा किंवा ज्या कंदाचा साबुदाणा होतो त्याचं स्टार्च थोड्या आम्लाबरोबर कोरडं भाजलं, की त्याच्या लांब साखळ्या तुटून आखूड होतात. मूळ स्टार्च थंड पाण्यात विरघळत नाही, हे भाजलेलं चटकन विरघळतं. १८४० साली इंग्लंडात निघालेल्या पहिल्या टपाल तिकिटाच्या पाठीवरच्या गममध्येही बटाट्याचं स्टार्च होतंच. हल्ली डेक्स्ट्रिनमध्ये कृत्रिम रेझिन मिसळतात किंवा नुसतं रेझिनच वापरतात, आणि वाळल्यावर थर तडकू नये, फ्लॅप वळू नये म्हणून किंचित ग्लिसरीनसारखं काहीतरी घालतात. यात किती काय घालायचं हे प्रत्येक पुरवठादाराचं वेगळं असतं. म्हणूनच दोन कंपन्यांची सारखी दिसणारी पाकिटं पावसाळ्यात सारखी वागत नाहीत.

यंत्रावर हा गम रोलरने पातळ लागतो आणि गरम हवेखालून जाताना वाळतो. वाळला की बोटाला काचेसारखा गुळगुळीत लागतो. तुम्ही स्पंज फिरवता तेव्हा त्याचा वरचा थर पुन्हा विरघळतो. पहिल्या क्षणी तो निसरडा असतो, मग काही सेकंद चांगला ओढ धरतो. त्याच वेळी फ्लॅप समोरच्या कागदावर दाबला, की गममधलं पाणी त्या कागदात शोषलं जातं आणि पाण्याबरोबर गमही कागदाच्या तंतूंमधल्या फटींत शिरतो. पाणी निघून गेलं की तो तिथेच घट्ट होतो. स्टार्च आणि कागदातलं सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या आहेत, त्यामुळे वाळताना त्यांच्यात हायड्रोजन बंध सहज जुळतात. नीट वाळलेला जोड ओढून पाहा. जोड सुटत नाही, कागदाचीच साल निघते.

यातून एक गोष्ट निघते, आणि ती खरेदी करताना कोणी विचारात घेत नाही. पाणी शोषणारा कागद समोर असेल तरच गम काम करतो. साध्या मॅपलिथोवर (लिहिण्या-छपाईचा नेहमीचा पांढरा कागद) किंवा तपकिरी क्राफ्ट कागदावर तो उत्तम बसतो. लॅमिनेशन केलेल्या लग्नपत्रिकेच्या पाकिटावर पाण्याला जायला जागाच नाही, म्हणून गम तसाच ओला राहतो, आणि वाळला तरी पापुद्र्यासारखा सुटून येतो. तिथे दुसरा चिकट पदार्थच हवा. तुमची पाकिटं साध्या पांढऱ्या कागदाची दिसतात, तेव्हा कागदाकडे बोट दाखवायचं कारण नाही.

आता टपालात उघडलेल्या पाकिटांकडे येऊ. सभासदांनी परत आणून दाखवलेली एक-दोन पाकिटं तुमच्याकडे असतील, तर ती उजेडात तिरकी धरा. कारण काय ते गमपट्टीवरच दिसेल. आधी उघडलं कुठे ते बघा: तोंडाशी की बाजूच्या जोडावर? बाजूचे जोड आम्ही कारखान्यातच वेगळ्या, कायमच्या चिकट पदार्थाने पक्के करतो. ते सुटले असतील तर दोष बनवणाऱ्याचा आहे, माल परत करा. तोंडाशी उघडलं असेल तर फ्लॅपवरची पट्टी पाहा. ती अजून चकचकीत असेल आणि समोरचा कागद स्वच्छ असेल, तर पाणी कमी पडलं किंवा गम ओलसर असतानाच्या त्या काही सेकंदांत फ्लॅप दाबला गेला नाही. पट्टी निस्तेज झाली असेल, गम पसरून खालच्या कागदावर डाग पडले असतील आणि फ्लॅप लाटेसारखा वाकला असेल, तर पाणी जास्त झालं. गम धुऊन निघाला आणि उरलेला वाळायच्या आधीच पाकिटं हलवली गेली. तिसरा प्रकार म्हणजे फ्लॅपला समोरच्या कागदाचे पांढरे तंतू चिकटून आलेले. अशा पाकिटाचा जोड चांगला झाला होता. ते आतल्या जाड मजकुराच्या ताणाने फाटलं किंवा कोणीतरी उघडलं.

माझा अंदाज दुसऱ्या प्रकाराचा आहे. नोटीस निघायची म्हणजे सभेच्या आधी पूर्ण चौदा दिवसांची मुदत पाळायची असते आणि सभा सप्टेंबरअखेरच्या आत घ्यायची असते. त्यामुळे सगळी पाकिटं एका दुपारी घाईघाईत चिकटवली जातात, भरपूर भिजलेल्या स्पंजने, आणि लगेच गठ्ठे बांधून पोस्टात. त्यात हवा दमट. फेब्रुवारीत जो जोड चटकन कोरडा होतो, तो ऑगस्टमध्ये तासन्‌तास ओलसर राहतो, कारण कागदात आधीच इतकी ओल असते की आणखी पाणी तो हळूहळूच घेतो.

आपोआप चिकटण्याचंही कारण तेच. गम हवेतलं पाणी ओढतो. सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर तो वर्षानुवर्षं कोरडा राहतो. ७० च्या वर तो मऊ पडू लागतो. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये ती ८५-९० च्या घरात सहज असते. त्यात बॉक्सवर बॉक्स रचलेले, म्हणजे दाबही आयता मिळाला. ओल आणि दाब दोन्ही मिळाले की जोड तयार, मग तिथे हात लागो न लागो. बॉक्समधली खालची पाकिटं जास्त चिकटलेली होती का, ते आठवून पाहा. बहुधा होतीच.

म्हणून साठवण्यातली पहिली गोष्ट म्हणजे दाब काढा. पाकिटं आडवी रचू नका, पुस्तकांसारखी उभी ठेवा, आणि एका बॉक्सवर दुसरा चढवू नका. बॉक्स जमिनीवर किंवा पश्चिमेच्या भिंतीला टेकवून नको, तिथली ओल कागद लगेच धरतो. कारखान्यातून आलेलं प्लास्टिकचं वेष्टन लागेल तेव्हाच फोडा, आणि फोडलेला गठ्ठा त्याच दिवशी संपवा. कोकणात कपाटात पिवळा बल्ब लावून कागदपत्रं कोरडी ठेवायची जुनी रीत आहे, ती इथेही चालते. थोडी ऊब मिळाली की कपाटातल्या हवेची आर्द्रता उतरते. ज्यांच्या ऑफिसात एसी आहे त्यांनी एक सांभाळावं: गार खोलीतला गठ्ठा एकदम बाहेरच्या दमट हवेत आणून उघडू नये. थंड कागदावर हवेतली वाफ धरते आणि मग पाकिटं अर्ध्या तासात सादळतात. वेष्टनासकट थोडा वेळ बाहेर ठेवून मग उघडा.

खरेदीच्या वेळेबद्दल माझं मत स्पष्ट आहे: कोकणात गमची पाकिटं जूनमध्ये भरून ठेवू नयेत. स्वस्त पडतात म्हणून वर्षाचा माल एकदम घेतला, तर अर्ध्या पाकिटांत ती बचत गेलीच. नोटिसांच्या आधी आठवडाभर, लागतील तेवढीच घ्या.

आता चिकटवण्याची रीत. स्पंज ओला हवा, पण दाबला तर थेंब पडता कामा नये. बँकेचा कॅशिअर नोटा मोजताना जी स्पंजची वाटी वापरतो ती उत्तम. दहा-पंधरा पाकिटांचे फ्लॅप वर उघडून ती एकमेकांवर अशी सरकवून ठेवा की फक्त गमच्या पट्ट्या पायरीपायरीने दिसत राहतील, बाकी सगळं झाकलेलं. त्या सगळ्यांवरून स्पंज एकदाच, एका दिशेने, हलक्या हाताने ओढा. मागेपुढे घासलं की गम निघून स्पंजलाच लागतो. मग सर्वांत वरच्यापासून एकेक पाकीट उचलून फ्लॅप दुमडा आणि मधून दोन्ही बाजूंना अंगठा दाबत न्या. सरावाच्या माणसाला दहा-पंधराचा गठ्ठा जमतो, नवख्याने पाच-सहांपासून सुरू करावं, कारण शेवटच्या पाकिटापर्यंत पोहोचेस्तोवर गम वाळू लागलेला असतो. झालेली पाकिटं सरळ रचून वर एखादं जाड रजिस्टर ठेवा. कोरड्या ऋतूत पंधरा-वीस मिनिटं पुरतात. तुमच्याकडे सप्टेंबरात रात्रभर पंख्याखाली राहू द्या आणि पोस्टात सकाळी टाका. एवढा एक बदल केलात तरी उघडणारी पाकिटं फार कमी होतील असं मला वाटतं.

जीभ लावू नका. एखाद्या पत्राला लावली तर बिघडत नाही, पण शेकड्याने पाकिटं असताना जिभेला कागदाची धार लागते, आणि गमच्या मिश्रणात टिकाऊपणासाठी काय घातलं आहे ते पाकिटावर लिहिलेलं नसतं. घरी शिजवलेली खळ वापरत असाल तर जास्तच जपा. झुरळं आणि कसर लागू नये म्हणून बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, आणि ते विषारी असतं.

हे सगळं कोकणासाठी सांगितलं. हाच प्रश्न चंद्रपूरहून एप्रिलमध्ये आला असता तर मी उलट सांगितलं असतं. तिथे हवा इतकी कोरडी असते की स्पंज फिरवल्याबरोबर कागद पाणी पिऊन टाकतो आणि फ्लॅप दुमडेपर्यंत गम मेलेला असतो. तिथे पाणी थोडं जास्त घ्यावं, एकावेळी कमी पाकिटं करावीत आणि लगेच दाबावं.

मग एवढं सगळं सांभाळायचं तर गमचा फायदा काय? पहिला मोठा फायदा म्हणजे नीट वाळलेला जोड कागद फाडल्याशिवाय हाताने उघडत नाही. प्लास्टिकच्या टेपसारखा तो नुसता पृष्ठभागाला धरून नसतो, तो कागदाच्या आत उतरलेला असतो. दुसरा फायदा चुका सुधारण्याचा: फ्लॅप तिरका बसला तर सुरुवातीच्या दोन-चार सेकंदांत सरकवून सरळ करता येतो. सेल्फ-सीलला एकदा टेकवलं की टेकलं. तिसरा, पैसा. गम, सेल्फ-सील आणि पील-अँड-सील (पट्टी सोलून चिकटवायचं) या तीन प्रकारांत गमचं पाकीट सर्वांत स्वस्त असतं आणि त्याच्यामागे कचरा राहत नाही. पील-अँड-सीलमध्ये प्रत्येक पाकिटाची सिलिकॉन लावलेली एक पट्टी निघते, शेकडो पाकिटांनंतर ऑफिसभर त्याच पट्ट्या, आणि त्या साध्या रद्दीतही जात नाहीत. गम पाण्यात विरघळतो, त्यामुळे रद्दीचा पुन्हा लगदा करताना तो सुटून जातो. टेपचा चिकट पदार्थ मात्र लगद्यात गोळ्या धरून बसतो आणि कागद गिरण्यांना तो फार त्रास देतो. आणि मोठ्या बँका, विमा कंपन्या ज्या यंत्रांवर पत्रं भरून पाकिटं बंद करतात, ती यंत्रं गमच्याच पाकिटांसाठी बनलेली आहेत. ब्रश किंवा फेल्ट ओलं होतं, फ्लॅप त्यावरून सरकतो, रोलर दाबतो. पट्टी सोलायचं काम त्या यंत्रांना जमत नाही.

सेल्फ-सीलबद्दलही सांगतो, कारण ते घ्यायचं तुमच्या मनात आहे. त्यात फ्लॅपला आणि खालच्या कागदाला दोन्हीकडे रबराच्या चिकाचा पातळ थर असतो आणि तो फक्त स्वतःलाच चिकटतो. पाणी लागत नाही, म्हणून कोकणात पावसाळ्यात ते सोयीचं खरं. पण रबर म्हातारं होतं. धूळ बसली, उष्णता लागली, माल जुना झाला की पकड जाते. सेल्फ-सीलचा साठा वर्षभराच्या आत संपवावा असं मी गिऱ्हाइकांना सांगतो. पील-अँड-सील त्याहून टिकाऊ आणि पकडीला चांगलं, पण महाग.

तुमच्यासाठी मी असं करीन: पावसाळ्यातल्या सभेच्या नोटिसांना पील-अँड-सील, कारण तेवढ्यापुरता जास्तीचा खर्च सोसण्यासारखा आहे आणि कर्मचाऱ्यांची रात्र वाचते. दिवाळीनंतरच्या नेहमीच्या पत्रव्यवहाराला गम. नोटिसांनाही गमच वापरायचा असेल तर वर सांगितलेली रीत पाळा. अहवालाची पुस्तिका सोबत जाणार असेल तर पाकीट तिच्यापेक्षा रुंद घ्या. डीएल आकाराच्या, म्हणजे ११० बाय २२० मिलिमीटरच्या पाकिटात तीन घड्यांची नोटीस छान बसते, पण पिना मारलेली पुस्तिका कोंबली की फ्लॅपवर सतत ताण राहतो आणि कोणताही गम हळूहळू हार मानतो.

सुरक्षिततेचा मुद्दा तुम्ही विचारला नाहीत, पण पतसंस्थेत निविदा आणि गोपनीय पत्रं असतात म्हणून लिहितो. गमच्या जोडाला पाण्याची वाफ दिली की तो पुन्हा मऊ होतो. म्हणजे हाताने फोडलं तर कळतं, वाफेने सावकाश उघडलं तर दिसेलच असं नाही. म्हणून निविदेच्या पाकिटावर नुसत्या गमवर विसंबू नये. फ्लॅपच्या कडेवर आडवी सही आणि संस्थेचा शिक्का असा घ्यावा की अर्धा फ्लॅपवर, अर्धा पाकिटावर येईल, आणि त्यावर पारदर्शक टेप. वाफेने कागद फुगतो, शाई पसरते, पुन्हा चिकटवताना सहीच्या रेघा तंतोतंत जुळत नाहीत. लाखेचा शिक्का वापरायचा असेल तर पाकीट कडक हवं, कारण लाख ठिसूळ. १८५२ साली बार्टल फ्रियर यांनी सिंध प्रांतात आशियातलं पहिलं टपाल तिकीट काढलं, तेव्हा त्याचा एक प्रकार लाल लाखेचा होता. तो इतका तडकायचा की लगेच कागदावर उठवलेलं तिकीट आणावं लागलं. आजही टपालाच्या थैलीत पाकीट वाकलं की लाखेचं तेच होतं, गम मात्र कागदाबरोबर वाकतो.

चिकटून बसलेल्या पाकिटांचं काय करायचं, हे बरेच जण विचारतात. नुसती टेकून धरलेली असतील तर फ्लॅपखाली स्टीलची पातळ पट्टी एका टोकाकडून घालून सावकाश पुढे सरकवा. ती कागद न फाडता सुटतात. मात्र अशा पाकिटांचा गम एकदा कामी येऊन गेलेला असतो, तेव्हा त्यांना ग्लू स्टिक लावून वापरा. पक्की बसलेली सोडवत बसू नका.

पुढच्या वेळी ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याकडून दहा नमुने मागून घ्या. पाच पाकिटं पावसाळी दिवसात बाथरूममध्ये रात्रभर ठेवा, वर एखादी वीट किंवा जाड पुस्तक. सकाळी जी सहज सुटतील त्यांचा गम तुमच्या हवेला चालणारा आहे. उरलेली पाच नीट ओली करून चिकटवा, दुसऱ्या दिवशी फाडा आणि फ्लॅपवर कागदाची साल आली का ते पाहा. दोन्हीत पास होणारा माल मिळाला तर त्या विक्रेत्याचा बॅच नंबर लिहून ठेवा आणि पुढच्या ऑर्डरला तोच गम मागा.